मामांच्या डब्यातल्या नोटा आणि साडेनऊ हजारांचा संच

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते आणि त्यांच्या पश्चात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात परदेशी नोटा सापडल्या. डाकार, आबिजान, लागोस या बंदरांची नावे त्यांच्या तोंडी नेहमी असत. डब्यात फ्रेंच मजकुराच्या, हजार फ्रँकच्या दोन अगदी एकसारख्या नोटा आहेत. एकीच्या क्रमांकाजवळ ‘के’ आणि दुसरीच्या ‘ए’ हे रोमन अक्षर आहे. एका नोटेवर ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनु’ असे नाव आहे. आमच्या आजोळी पेडण्याला जुन्या गोव्याच्या नोटा होत्या, त्यांवरही हेच नाव असे. तेव्हा ही नोट गोव्याची म्हणावी काय? आता या विषयाची गोडी लागली असून एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ‘दुर्मीळ पश्चिम आफ्रिका’ नावाचा पाच नोटांचा संच साडेनऊ हजार रुपयांना देऊ केला आहे : बियाफ्राची १ पौंडाची नोट, ‘१९६० सालची’ गिनीची सिली नोट, ‘१९६५ ची गिनी-बिसाऊ’ची फ्रँक नोट (छायाचित्रात तिच्या क्रमांकाशेजारी ‘एच’ दिसतो), ‘१९६०’ची मालीची नोट आणि घानाची, तिथले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचे चित्र असलेली १ सेदीची नोट. हा संच घ्यावा का? आणि डब्यातल्या नोटांवर घड्या पडल्या आहेत, त्यांच्यावरून हलकी इस्त्री फिरवली तर चालेल का? — एक वाचक, सावंतवाडी

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचे उत्तर तुमच्या हातून काही होण्याआधी पोहोचले पाहिजे. इस्त्री फिरवू नका. नोटा धुऊ नका, खोडरबराने पुसू नका, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. चांगल्या नोटेवरची शाई कोरीव ठशाने छापलेली असते, त्यामुळे ती कागदावर किंचित उभी राहते आणि नखाला जाणवते. इस्त्रीखाली हा उठाव दबतो, कागदाचा कस जातो, आणि घडी मात्र भिंगाखाली दिसायची ती दिसतेच. मी या छंदात नवा असताना ‘कोरी’ म्हणून विकलेली एक फ्रँक नोट टपालाने मागवली होती. हातात घेतली तेव्हा ती धुतलेल्या रुमालासारखी मऊ लागली, आणि अतिनील दिव्याखाली धरताच सबंध कागद निळसर पांढरा चमकला; कपडे धुण्याच्या साबणातली चमक आणणारी द्रव्ये कागदात मुरल्याची ती खूण होती. नोट खरी होती, पण कोणीतरी ती धुऊन, दाबून, वाळवून नवी करू पाहिली होती, आणि त्या खटाटोपात तिचे निम्मे मोल गेले होते. विक्रेत्याने ती परत घेतली नाही. तुमच्या मामांच्या नोटांवरच्या घड्या त्यांच्या खिशातल्या आहेत, त्या तशाच राहू द्या.

आता त्या दोन ‘एकसारख्या’ नोटांकडे वळू, कारण पश्चिम आफ्रिकेच्या नोटा वाचायला शिकण्याची खरी सुरुवात तिथून होते. त्या नोटा कोणा एका देशाच्या नाहीत. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, बुर्किना फासो, टोगो, नायजर, माली आणि गिनी-बिसाऊ हे आठ देश मिळून सीएफए फ्रँक हे एकच चलन वापरतात आणि ते काढणाऱ्या बँकेचे नाव ‘पश्चिम आफ्रिकी राज्यांची मध्यवर्ती बँक’ असे आहे. फ्रेंच आद्याक्षरांवरून संग्राहक तिला बीसीईएओ म्हणतात. तिचे मुख्यालय डाकारला आहे. नोटेचे चित्र, रंग, मजकूर आठही देशांसाठी तोच. फरक असतो तो फक्त क्रमांकाजवळच्या एका रोमन अक्षरात. ‘ए’ म्हणजे आयव्हरी कोस्ट, ‘बी’ म्हणजे बेनिन (पूर्वीचे दाहोमे), ‘सी’ म्हणजे बुर्किना फासो (पूर्वीचे अपर व्होल्टा), ‘डी’ म्हणजे माली, ‘ई’ म्हणजे मॉरिटानिया (आता या देशांच्या संघात नाही), ‘एच’ म्हणजे नायजर, ‘के’ म्हणजे सेनेगल, ‘एस’ म्हणजे गिनी-बिसाऊ आणि ‘टी’ म्हणजे टोगो. तेव्हा तुमच्या दोन नोटा जोडीच्या नाहीत, एक सेनेगलची आणि एक आयव्हरी कोस्टची आहे. म्हणजे मामांच्या तोंडी असलेली डाकार आणि आबिजान ही दोन बंदरे डब्यात शेजारी शेजारी बसली आहेत. एकीला जादा समजून देऊन टाकू नका.

हे अक्षर ओळखता आले की त्याच्या मागचा इतिहासही कामाला येतो. मॉरिटानिया १९७३ मध्ये या संघातून बाहेर पडला आणि त्याने उगिया हे स्वतःचे चलन सुरू केले. म्हणून ‘ई’ अक्षराच्या नोटा फक्त त्यापूर्वीच्या आणि संख्येने थोड्या आहेत. मालीने १९६२ मध्ये स्वतःचा फ्रँक काढला आणि १९८४ मध्ये तो परत संघात आला. त्यामुळे अगदी आरंभीच्या नोटांवरचा ‘डी’ दुर्मीळ आहे, तर १९८४ नंतरचा ‘डी’ सहज मिळतो. गिनी-बिसाऊ संघात आला तो १९९७ मध्ये. याचा अर्थ असा की १९६५ साली गिनी-बिसाऊच्या नावाची फ्रँक नोट निघणे शक्यच नव्हते. त्या वेळी तो पोर्तुगिजांच्या ताब्यातला प्रदेश होता आणि तिथे एस्कुदो चालत असे. तुमच्या विक्रेत्याच्या छायाचित्रात ‘एच’ दिसत असेल तर ती नोट नायजरची आहे. नायजरची नोट वाईट नाही, मात्र तिला नायजरच्या नोटेची किंमत द्यायची. विक्रेता फसवतो आहे की त्यालाच ठाऊक नाही, हे मला इथून सांगता येणार नाही. पण ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने लावलेल्या ‘दुर्मीळ’ या शिक्क्यावर पैसे मोजू नयेत, एवढे मी ठामपणे सांगतो.

साल ओळखण्यातही या नोटा नवख्याला चकवतात. सध्याच्या मालिकेवर २००३ हे साल छापलेले असते, म्हणून पुष्कळ जण त्या सगळ्या २००३ च्या समजतात. ते साल मालिकेचे आहे. छपाईचे साल क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांत असते, म्हणजे क्रमांक १४ ने सुरू होत असेल तर नोट २०१४ ची. दुसरी खूण सह्यांची. प्रत्येक नोटेवर मंत्रिपरिषदेचा अध्यक्ष आणि बँकेचा गव्हर्नर अशा दोघांच्या सह्या असतात, आणि कोण केव्हा पदावर होते हे ठाऊक असल्यामुळे साल पुसट असले तरी नोटेचा काळ बांधता येतो. १९८८ ते १९९० या अल्पकाळात गव्हर्नर होते अलासान वात्तारा, जे पुढे आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सहीची नोट हाती आली की मला अजूनही आनंद होतो. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो : मध्य आफ्रिकेतही कॅमेरून, गॅबन वगैरे देशांचा असाच एक फ्रँक आहे, त्याचेही नाव सीएफए फ्रँकच, पण त्याची बँक वेगळी आहे. बँकेच्या नावात शेवटी ‘लुएस्त’, म्हणजे पश्चिम, हा शब्द आहे की नाही ते पाहा. नसेल तर ती नोट तुमच्या या संग्रहातली नव्हे.

या नोटा आता बँकेत वटतील का, असे कदाचित घरातले कोणी विचारील. २००३ ची मालिका आली तेव्हा त्याआधीच्या नोटा २००४ च्या अखेरपर्यंतच चलनात ठेवल्या होत्या. मामांच्या काळातल्या नोटांना आज जे मोल आहे ते संग्राहकांत आहे.

‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनु’ची नोट मला तुमच्या पत्रात सगळ्यांत आवडली. ही लिस्बनची बँक १८६४ मध्ये स्थापन झाली आणि पोर्तुगालच्या वसाहतींसाठी नोटा काढण्याचे काम तिच्याकडे होते. १९६१ पर्यंत गोव्यात तिच्याच नोटा चालत, आणि आज गिनी-बिसाऊ म्हणतात त्या पोर्तुगीज गिनीतही तिच्याच. म्हणजे तुमच्या आजोळच्या नोटा आणि मामांनी आणलेली नोट या एकाच घरच्या आहेत, तुमच्या तर्कात तेवढे तथ्य आहे. पण बँकेच्या नावाखाली प्रदेशाचे नाव असते ते वाचा : गोव्याच्या नोटेवर ‘इंदिया पोर्तुगेझा’ किंवा ‘इश्तादु दा इंदिया’ असेल, गिनीच्या नोटेवर ‘गिने’, आणि केप व्हर्देच्या नोटेवर ‘काबु व्हेर्द’. सावंतवाडी-पेडण्याच्या माणसाला गोव्याच्या आणि गिनीच्या नोटा शेजारी शेजारी लावून संग्रह करावासा वाटला तर तो फार सुंदर संग्रह होईल, आणि दुसरीकडचा संग्राहक ज्या सहजतेने तो करू शकणार नाही त्या सहजतेने तुम्ही तो कराल, कारण निम्म्या नोटा तुमच्याच पंचक्रोशीतल्या जुन्या पेट्यांत आहेत.

आता संचातल्या बाकीच्या चार नोटा. बियाफ्राची नोट हातात घेताना तिच्यामागे काय आहे ते माहीत असावे. ३० मे १९६७ रोजी नायजेरियाच्या पूर्व भागाने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि युद्ध पेटले. नायजेरियाच्या सरकारने जानेवारी १९६८ मध्ये आपल्या सगळ्या पौंड नोटा बदलून नव्या रंगांत आणल्या, त्यामुळे बियाफ्राकडे असलेला जुन्या नोटांचा साठा निरुपयोगी झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ जानेवारीला, बियाफ्राने स्वतःच्या ५ शिलिंग आणि १ पौंडाच्या नोटा काढल्या. नंतरच्या मालिकेत ५ व १० शिलिंग आणि १, ५ व १० पौंड अशा पाच किमती आल्या. ताडाचे झाड आणि त्यामागचा उगवता सूर्य ही त्यांची ओळख. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्राने शरणागती पत्करली आणि हे चलन एका दिवसात कागद झाले. युद्धानंतर खातेदारांना, त्यांची शिल्लक कितीही असो, सरसकट २० पौंड देण्यात आले, आणि त्या भागातल्या घराघरांत ही आठवण अजून आहे. एवढे सगळे असूनही १ पौंडाची नोट दुर्मीळ नाही. चलन कोणी बदलून दिले नाही म्हणून नोटांचे गठ्ठे तसेच उरले, ते विक्रेत्यांकडे गेले, आणि म्हणूनच अगदी कोरी नोटसुद्धा आज काही शे रुपयांत मिळते. दुसऱ्या मालिकेची १ पौंडाची नोट क्रमांकासह आणि क्रमांकाविना अशा दोन्ही प्रकारे आढळते. क्रमांक नाही म्हणून ती बनावट ठरत नाही आणि छपाईत चूक झालेली अमोल नोटही ठरत नाही. मोठी किंमत मोजावी लागते ती ५ आणि १० पौंडांच्या नोटांना. बियाफ्राची नोट जरूर घ्या. तिच्या इतिहासाचे मोल मनात ठेवा, पण ते विक्रेत्याच्या बिलात चढवू देऊ नका.

गिनीच्या ‘१९६०’च्या नोटेबद्दल शंकेला जागाच नाही. सिली हे चलन गिनीत १९७१ मध्ये आले. सिली म्हणजे तिथल्या सुसू भाषेत हत्ती. जे चलन १९७१ मध्ये जन्मले त्याची नोट १९६० ची कशी असेल? नोटेवर १९६० हा आकडा असतो हे खरे, पण तो गिनीच्या स्वतंत्र मध्यवर्ती बँकेच्या आणि चलनाच्या स्थापनेचे साल सांगतो. १९५८ मध्ये सेकू तूरे यांच्या नेतृत्वाखाली गिनीने फ्रान्सशी नाते तोडले, त्यानंतरच्या घडामोडींचे ते स्मरण आहे. खऱ्या १९६० च्या नोटा फ्रँकच्या असतात, सिलीच्या नव्हे.

मालीच्या नोटेचे तसेच. २२ सप्टेंबर १९६० हा मालीचा स्वातंत्र्यदिन आणि तीच तारीख नोटांवर छापली आहे, पण मालीचा फ्रँक सुरू झाला तो १ जुलै १९६२ रोजी. शिवाय १९६७ मध्ये आलेल्या दुसऱ्या मालिकेवरही तीच तारीख कायम ठेवली. चेकोस्लोव्हाकियात छापलेल्या पहिल्या मालिकेच्या चांगल्या स्थितीतल्या नोटा खरोखरच महाग आहेत. तेव्हा विक्रेत्याला तारीख विचारून उपयोग नाही. नोटेचा पिक क्रमांक विचारा. आल्बेर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगभरच्या नोटांना देशवार क्रमांक दिले आणि खरेदी-विक्रीत आजही तेच वापरले जातात. जो पिक क्रमांक सांगू शकत नाही त्याच्याकडून महाग नोट घेऊ नये.

घानाची १ सेदी मात्र विक्रेत्याने जशी सांगितली तशीच दिसते. १९ जुलै १९६५ रोजी पौंडाच्या जागी सेदी आली. नाव आकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून पडले, आणि आपल्याकडेही कवडी हे एकेकाळचे चलनच होते, म्हणून मला हे नाव फार जवळचे वाटते. एक सेदी बरोबर शंभर पेन्सची धरली होती, म्हणजे ८ शिलिंग ४ पेन्स. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी क्वामे एन्क्रुमा यांची सत्ता उलथली गेली आणि १९६७ मध्ये त्यांचे चित्र नसलेली नवी सेदी आणली गेली, त्यामुळे या नोटांचे आयुष्य दोन वर्षांचेही नव्हते. तरी १ सेदीची नोट आवाक्यातली आहे. मोठ्या किमतीच्या सेदी त्याहून कितीतरी कमी दिसतात.

या सगळ्यावरून माझे मत असे की साडेनऊ हजारांचा हा संच घेऊ नये. विक्रेत्याकडे एकेक नोट सुटी मागा, आणि प्रत्येकीचे तीन फोटो मागा : पुढची बाजू, मागची बाजू, आणि उजेडासमोर धरून काढलेले. तिसऱ्या फोटोत जलचिन्ह, टाचणीची भोके, जोडलेली फाट आणि दाबलेली घडी हे चारही दिसते. नोट हाती आल्यावर दहापट भिंगातून पाहा; रेघा सलग असतील तर ठीक, रंगीत ठिपक्यांच्या बनलेल्या असतील तर ती झेरॉक्सची भावंडे आहेत. चारही कडा मोजा, कारण फाटकी कड कापून सरळ केलेली नोट दिसायला नीट पण आकाराने लहान असते. प्रमाणित करून प्लास्टिकच्या पाकिटात बंद केलेल्या, ७० गुणांच्या पट्टीवर मोजलेल्या नोटाही बाजारात असतात. हजारो रुपयांच्या नोटेसाठी त्या घ्याव्यात, काही शे रुपयांच्या नोटेसाठी तो खर्च नोटेहून जास्त होतो. मुंबई-पुण्याकडे नाणी आणि नोटांची प्रदर्शने भरतात, तिथे जाऊन नोट हातात घेऊन पाहणे हे नवख्यासाठी सगळ्यांत चांगले शिक्षण आहे. ऑनलाइन घेताना परत घेण्याची लेखी हमी आणि नोंदणीकृत, विमा उतरवलेले टपाल याखेरीज पैसे पाठवू नका.

एक सावधगिरी नायजेरियाबद्दल. तिथल्या २००७ च्या मध्यवर्ती बँक कायद्याने नायराच्या नोटांची विक्री करणे हा गुन्हा ठरवला आहे, तेव्हा लागोसमधल्या कोणा ओळखीच्याला ‘कोऱ्या नोटांचे बंडल बाजारातून घेऊन ठेव’ असे सांगून त्याला अडचणीत आणू नका. आपल्याकडेही चालू परदेशी नोटा बाळगण्यावर २,००० डॉलरइतक्या रकमेची मर्यादा आहे. तुमचा डबा त्याच्या जवळपासही जाणार नाही, पण संग्रह वाढू लागला की हे लक्षात असू द्या.

डब्याचे काय करायचे ते शेवटी सांगतो. पत्र्याचा डबा कोकणातल्या पावसाळ्यात ओल धरतो आणि गंजाचा डाग नोटेतून निघत नाही, म्हणून नोटा आधी तिथून बाहेर काढा. साधी प्लास्टिकची पाकिटे नकोत, त्यातल्या पीव्हीसीने काही वर्षांत नोटेवर चिकट थर येतो; मायलारची (पॉलिएस्टरची) पाकिटे घ्या आणि ती आडवी, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा. प्रत्येक नोटेसोबत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा : अक्षर, क्रमांक, सही, आणि तुमच्या आईला आठवत असेल तर मामा त्या बंदरात कोणत्या वर्षी होते ते. त्यांची जुनी पत्रे घरात असतील तर पाकिटांवरचे तिकिटांचे शिक्के तपासा. डाकारचा किंवा आबिजानचा तारखेसह शिक्का सापडला तर तो त्या नोटेशेजारीच ठेवा. उल्त्रामारिनुच्या नोटेचा दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवलात तर ती कोणत्या मालिकेची आहे ते पाहून मी पुढच्या वेळी लिहीन.